वासाला उपास नसतो

"चतुर्थीला काय आजच यायचं होतं," फ्रीजमध्ये डोकं घालून चारुदत्त पुटपुटला.

वसुधा त्याच्या मागे हातभर अंतरावर उभी राहून उकडलेली रताळी सोलत होती. ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता. पण लग्नाला बेचाळीस वर्षं झाली की नवऱ्याची काही वाक्यं फ्रीजला उद्देशून असतात, हे बायकोला कळतं. तिनं रताळ्याचं साल ओढून काढलं आणि पुढचं रताळं घेतलं. त्यानं दह्याचा मोठा डबा बाहेर काढला, कोथिंबिरीची जुडी खालच्या कप्प्यात कोंबली, पाच बाटल्या उभ्या राहतील एवढी जागा केली, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत तसाच वाकून राहिला.

"सोमवारी होती," तो या वेळी जरा मोठ्यानं म्हणाला. "मी नीट बघून ठरवलं होतं."

फ्रीजच्या कडेला, सांगलीहून त्याच्या बहिणीनं पाठवलेलं कॅलेंडर चुंबकानं लटकवलेलं होतं. सोमवारच्या चौकोनात छोटासा चंद्र छापलेला होता आणि त्यावर चारुदत्तनं निळ्या पेननं फुली मारली होती. रविवारभोवती गोल. बायकोची संकष्टी सांभाळायची म्हणून त्यानं महिनाभर आधी पाहुण्यांना कळवून टाकलं होतं, सोमवार नको, रविवारी दुपारी दोनला या.

"ते सांगलीचं कॅलेंडर आहे," वसुधा म्हणाली. "श्रूजबरीत आज आहे. चंद्र जिथे आपण असू तिथला बघायचा असतो. देवळाच्या पत्रकात दिलंय, मागच्या आठवड्यात मीच टेबलावर ठेवलं होतं."

तो सरळ उभा राहिला. अडतीस वर्षं अमेरिकेत काढलेला इंजिनिअर आणि रोज सकाळी सांगलीला फोन लावताना साडेनऊ तास मिळवणारा माणूस; तिथीलाही घड्याळ असतं हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं चष्मा काढून पुसला. मग घसा साफ करून अगदी सहज सुचल्यासारखं म्हणाला,

"नुसती जिभेवर ठेवायची आणि टाकून द्यायची. वाइनवाले तसंच करतात."

"चतुर्थीच्या दिवशी बिअरच्या चुळा भरू?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

त्यानं दह्याचा डबा पुन्हा उचलला, आणि तो कुठे ठेवायचा हेही त्याला सुचेना. वसुधानं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"वास घेईन," ती म्हणाली. "वासाला उपास नसतो."

एवढी अडचण होण्याचं कारण अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं होतं.

वुस्टरच्या ज्या कारखान्यात चारुदत्त नोकरीला होता तिथून त्याला सहा महिन्यांसाठी बेल्जियमला पाठवलं होतं. वसुधा आणि आठ वर्षांची नेत्रा बरोबर होत्या. घर भाड्यानं मिळालं ते एका खेड्यात, एका छोट्या ब्रुअरीच्या भिंतीला भिंत लावून. ब्रुअरी म्हणजे एक कुटुंब: योस नावाचा मालक, त्याची बायको, म्हातारे वडील, दोन मुलं आणि काही कोंबड्या. कडक बिअर करायचे. आठ टक्के, नऊ टक्के, हिवाळ्यासाठी एक दहा टक्क्यांची. लेबलवर विहिरीच्या काठावर बसलेला एक पक्षी होता. तो हंस आहे असं योस सांगायचा, पण पुढे इथल्या मराठी मित्रमंडळींत त्या बिअरचं नाव 'बदकवाली' असंच पडलं.

एका रविवारी योसनं शेजाऱ्यांना बोलावलं. चारुदत्तनं मोठा घोट घेतला आणि 'व्हेरी गुड' म्हणाला, कारण त्याला तेवढंच म्हणता येत होतं. वसुधाच्या हातात यजमानांचा मान म्हणून ग्लास होता. तिनं ओठ ओले करण्यापुरती चाखली आणि नवऱ्याला मराठीत म्हणाली की ह्याला भाजलेल्या खोबऱ्याचा वास आहे, आणि मागून संत्र्याचं साल येतंय. योसनं विचारलं, काय म्हणाल्या? आता सांगलीत सासूबाई होत्या. आठवड्याला पत्र होतं. सुनेनं परक्या पुरुषासमोर बसून बिअरमधलं खोबरं ओळखलं, हे त्या पत्रात कसं बसवायचं? वसुधानं मान हलवली, काही नाही म्हणून. आणि चारुदत्तनं ते वाक्य इंग्रजीत करून आपलं म्हणून सांगितलं. योस उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं चारुदत्तला मिठी मारली. वीस वर्षं तो ती बिअर करत होता. त्यात नारळ आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं होतं, आणि लगेच पटलंही होतं.

मग ते तसंच राहिलं. दर वर्षी ऑक्टोबरात योसकडून खोकं यायचं. चारुदत्त बाटली उघडून 'टेम्परेचर बघतो' म्हणत ग्लास स्वयंपाकघरात आणायचा. वसुधा आमटी चाखायच्या चमच्यानं एक चमचा घ्यायची, टाळूला लावायची, खिडकीबाहेर बघायची आणि सांगायची. तो बाहेर जाऊन मित्रांपुढे ते बोलायचा, रात्री योसला पत्रात लिहायचा. खरं सांगायचं तर शब्द तिचे असले तरी वाक्यं त्याची असायची, आणि तीही वाईट नसायची. 'जळलेला गूळ' असं ती म्हणाली की तो त्याला एक संध्याकाळ आणि एक चूल जोडून द्यायचा. नंतर सगळे ग्लास तोच घासायचा. नेत्राच्या लग्नात दोन पेग झाल्यावर एकदा तो कुणाला तरी सांगायला निघाला होता की खरं म्हणजे जीभ... तेव्हा वसुधानंच त्याच्या ताटात जिलबी वाढून विषय बदलला होता. सासूबाई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पण सवय ही सासूपेक्षा जास्त दिवस घरात राहते, असं तिचं तिलाच वाटून हसू आलं होतं.

योस मागच्या जानेवारीत गेला. आणि आज त्याची मुलगी लीसबेट येणार होती.

सव्वादोनला सिद्धेशची गाडी ड्राइव्हवेमध्ये वळली. सिद्धेश मूळचा नागपूरचा. दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून त्यानं रूट नाइन या रस्त्यावर बिअर-वाइनचं दुकान घेतलं होतं, आणि बदकवाली अमेरिकेत आणायचं त्याचं चाललं होतं. त्याच्या मागून उतरली ती पस्तिशीची उंच बाई, केस घट्ट बांधलेले, हातात पाच बाटल्यांची लाकडी पेटी, तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी धरलेली. वसुधाला कोंबड्यांमागे धावणारी सात वर्षांची पोर आठवत होती. नाक तेच होतं.

यतीन आणि इला आधीच येऊन बसले होते. यतीन भुलीचा डॉक्टर, आता निवृत्त. पंचवीस वर्षांची मैत्री. आल्या आल्या त्यानं चारुदत्तच्या पाठीवर थाप मारली होती.

"काय चारू, जीभ इस्त्री करून आणलीस ना आज?"

"तू फक्त ग्लास उचल आणि गप्प बस," चारुदत्त म्हणाला होता, पण हसताना त्याचं लक्ष स्वयंपाकघराकडे होतं.

लीसबेटनं पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि कोट काढायच्या आधी पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेले कागद काढले. चारुदत्तची पत्रं. बाबांनी ती ब्रुअरीत, उकळायच्या हंड्यासमोरच्या भिंतीवर टाचून ठेवली होती, ती म्हणाली. एका वर्षी मिस्टर वर्तकांनी लिहिलं की लवंग पुढे पुढे करतेय, तेव्हा बाबांनी यीस्ट बदललं होतं. घरात वाद झाला की आजोबा म्हणायचे, अमेरिकेतल्या जिभेला विचारा. कागदांना वाफेनं सुरकुत्या पडल्या होत्या. चारुदत्तनं ते हातात घेतले, वरचं वाचल्यासारखं केलं आणि परत दिले. त्याचे कान लाल झाले होते. वसुधा चीजची बशी सरळ करत राहिली. ज्या वर्षी लवंग पुढे पुढे करत होती त्या वर्षी तिला सर्दी होती, आणि तरीही ती लवंग लपली नव्हती.

मग पहिला घोटाळा झाला. चारुदत्तनं सवयीनं पहिला ग्लास उचलला आणि टेम्परेचर बघतो म्हणून तो स्वयंपाकघराकडे निघाला. लीसबेटनं त्याच्या मनगटावर हलकेच हात ठेवला. त्यांच्याकडे बिअर करणारा स्वतः ओततो, ती म्हणाली, आणि ग्लास टेबल सोडून जात नाही; पहिला ग्लास जिभेचा, आणि जिभेनं बोलल्याशिवाय दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. चारुदत्त बसला. त्यानं वसुधाकडे बघितलं. वसुधानं खुर्ची ओढून त्याच्या अगदी शेजारी घेतली.

काकूंना काय देऊ, असं लीसबेटनं विचारलं, तेव्हा सिद्धेशनंच सांगून टाकलं की काकू घेत नाहीत, आणि आज तर त्यांचा फास्ट आहे. लीसबेटनं आदरानं मान हलवली. वसुधापुढे पाण्याचा ग्लास आला.

पहिली सोनेरी, आठ टक्के. चारुदत्तनं ग्लास उचलला, नाकाशी नेला, घोट घेतला आणि डोळे मिटले. ग्लास खाली ठेवताना तो वसुधाच्या बाजूला ठेवला. ती नॅपकिन सारखा करायच्या निमित्तानं पुढे वाकली, श्वास घेतला, आणि ओठ न हलवता म्हणाली,

"धणे. भाजलेले नाहीत, कच्चे. आणि ओलं गवत."

"कोरिअँडर," चारुदत्तनं डोळे उघडून इंग्रजीत सांगितलं. "कच्चे धणे. पहाटे कापलेल्या गवतावर कुणी तरी सांडलेले."

लीसबेटचा चेहरा उजळला. ती वहीत लिहायला लागली. वसुधा सुटकेचा श्वास टाकून मागे टेकली, आणि तेव्हा तिला दिसलं की यतीन छताकडे बघतोय. सिद्धेश रिकाम्या बाटलीचं लेबल जणू पहिल्यांदा दिसल्यासारखं वाचतोय. इलानं तोंडात चीजचे दोन तुकडे एकदम घातलेत.

इतकी वर्षं मराठी म्हणजे त्यांच्या घरातली आतली खोली होती. दुकानात, बँकेत, डॉक्टरसमोर, माणूस पुढ्यात उभा असताना दोघांनी त्या खोलीत शिरायचं, दार लोटून घ्यायचं, काय ते बोलायचं आणि बाहेर यायचं. आज परकी माणसं म्हणून तिनं मोजली ती एकटी लीसबेट होती. आणि आतल्या खोलीत तिघंजण आधीच बसलेले होते.

तिनं चारुदत्तकडे बघितलं. त्याला काही कळलेलं नव्हतं. तो धण्यांच्या यशात होता.

दुसऱ्या ग्लासला ती बोलली नाही. टेबलाखाली त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला. एकदा. मग दोनदा. लीसबेट पेन धरून वाट बघत होती. शेवटी वसुधा वाकली आणि शक्य तितकं हळू म्हणाली, पिकलेलं केळं, प्रसादाच्या शिऱ्यातलं, आणि वर लवंग, पण या वेळी शहाणी. नेमकं तेव्हाच इलाला खोकला आला. जोरदार, लांबलचक, दोन वाक्यं सहज झाकली जातील एवढा. तिसऱ्या ग्लासला यतीननं मोठ्या आवाजात सिद्धेशला पार्किंगबद्दल विचारलं आणि सिद्धेशनं तितक्याच मोठ्या आवाजात सविस्तर सांगितलं. त्या आवाजाच्या आडोशानं काळ्या मनुका आणि काकवी चारुदत्तपर्यंत पोचल्या.

म्हणजे हे आजचं नव्हतं. वसुधाला एक जुनी दुपार आठवली. ती स्वयंपाकघरात चमचा तोंडात धरून उभी होती, समोर बिअरचा ग्लास, आणि इला पाणी प्यायला आत आली होती. इलानं ग्लासकडे बघितलं, चमच्याकडे बघितलं, म्हणाली, "आमटीला मीठ बरोबर आहे ना?" आणि पाणी पिऊन निघून गेली होती. त्या दिवशी स्वयंपाकघरात आमटी नव्हतीच. किती वर्षं झाली त्याला? पंधरा? पंधरा वर्षं ही माणसं दर ऑक्टोबरात येत होती, चारुदत्तचं बोलणं ऐकून माना हलवत होती आणि गाडीत बसल्यावर काय बोलत असतील ते बोलत होती. तिला राग यायला हवा होता. आला तो वेगळाच काही तरी उमाळा, आणि तो तिनं पाण्याच्या घोटाबरोबर गिळला.

चौथी मोसंबीच्या सालीची होती, सालीच्या पांढऱ्या बाजूची. तिथपर्यंत सगळं टेबल एका वाद्यवृंदासारखं जमून आलं होतं. लीसबेट एकटीच काही न कळून आनंदात होती.

पाचवी बाटली ओतायच्या आधी मात्र ती थांबली.

ही हिवाळ्याची, दहा टक्क्यांची. पहिल्यांदाच बाबांशिवाय केलेली. अर्धी बाटल्यांत भरलीय, अर्धी अजून टाकीत आहे. न्यूयॉर्कला, बोस्टनला, पोर्टलंडला लोकांना पाजली. सगळे 'वंडरफुल' म्हणाले. पण लोक तिच्याकडे बघून म्हणतात, असं तिला वाटतं. बाप गेलेल्या मुलीला कोण काय दुसरं सांगणार? आणि तिनं स्वतः रोज इतकी चाखलीय की आता तिला पाणी आणि बिअर यातला फरकसुद्धा छातीठोकपणे सांगता येणार नाही. उरलेली टाकी उद्या सकाळी सहाला बाटल्यांत भरायला घ्यायची आहे. भाऊ तिकडे जागा राहून फोनची वाट बघतोय. मिस्टर वर्तक हो म्हणाले की ती त्याला कळवणार होती.

"बाबा असते तर तुम्हालाच विचारलं असतं," ती म्हणाली. "म्हणून मी इथे शेवटी आले."

ओतताना फेस चांगला आला, रंग जुन्या तांब्याच्या हंड्याचा. चारुदत्तनं घोट घेतला, डोळे मिटले, ग्लास तिच्या बाजूला ठेवला. इलानं खोकायची तयारी केली.

वसुधा वाकली आणि तिथेच थांबली.

ओला पुठ्ठा. मागच्या वसंतात बेसमेंटमध्ये पाणी शिरलं होतं आणि नेत्राच्या शाळेच्या पुस्तकांची खोकी तीन दिवस त्यात बसून होती. ती उघडली तेव्हा आला होता तो वास. तिनं पुन्हा श्वास घेतला. खाली कुठे तरी खारीक होती, दमलेली, हाक मारल्यावर ओ न देणारी. वर सगळा पुठ्ठा. बिअर बिघडली होती, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. चाखायची गरजही नव्हती.

ती मागे टेकली. कुजबुजली नाही. कुजबुजली असती तर हा शब्द चारुदत्तच्या आधी आणखी तीन जणांनी ऐकला असता, आणि मग तो त्याला गिळताही आला नसता. गुडघा लागला. एकदा. दोनदा. तिनं पाय बाजूला घेतला. इलाचा खोकला निमित्त नसल्यामुळे तिच्या घशातच विरला.

चारुदत्तनं डोळे उघडले. त्याच्या कपाळावर बारीक घाम होता. आणि मग तो बोलला. वसुधाला पहिल्या शब्दालाच कळलं की तो गेल्या वर्षीच्या पत्रातलं बोलतोय. खारीक. काकवी. आणि समई विझल्यावर मागे राहतो तसा किंचित धूर. त्याला ती पत्रं पाठ होती. तो आवाज खाली आणून, मध्ये थांबून, फार सुरेख बोलला.

लीसबेटच्या डोळ्यांत पाणी आलं. ती लिहीत राहिली. यतीन म्हणाला, वा, धूर मलाही जाणवला. सिद्धेश म्हणाला, अगदी. त्याची नजर मात्र ग्लासवर खिळलेली होती आणि त्याचा ग्लास एका घोटापुढे गेला नव्हता. इलाचाही नाही. कुणाचाच नाही. इतक्या सगळ्या जिभांना पुठ्ठा लागलेला होता आणि सगळ्या जिभा जागच्या जागी बसून होत्या.

लीसबेटनं नाक पुसलं आणि फोन हातात घेतला.

"मला," वसुधा इंग्रजीत म्हणाली, "मला थोडा जुन्या कागदाचा वास येतोय. ओल्या."

तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. लीसबेट वळली. तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं, निव्वळ माया होती.

"सवय नसते ना," ती समजुतीनं म्हणाली. "माझ्या आजीलाही तसंच वाटायचं. कडक बिअर पहिल्यांदा हुंगली की नाक गोंधळतं."

"काकू घेत नाहीत ना, त्यामुळे," सिद्धेश घाईघाईनं म्हणाला. "काकू, टेन्शन नका घेऊ, हे असंच असतं."

इला खाली बघत होती. यतीननं चीजची सुरी उचलून परत ठेवली. वसुधानं मान हलवली. हो, तसंच असेल, अशी. ती उठली, रिकामी बशी घेतली. आता स्वयंपाकघरात जायचं, साबुदाण्याला फोडणी घालायची. अठ्ठावीस वर्षं ती याच दारानं आत गेली होती, आज काही दार वेगळं नव्हतं. एका पोरीची अर्धी टाकी, आणि एका माणसाची संबंध जीभ. तिनं दोन्हीकडे एकेकदा बघितलं. ती पोर फोनवर नंबर शोधत होती. तो माणूस वसुधाच्या हातातल्या बशीकडे बघत होता.

ती दाराकडे वळली.

"बस," चारुदत्त म्हणाला.

मराठीत म्हणाला, पण कुजबुजला नाही. त्यानं तिची खुर्ची हातानं मागे ओढून धरली. ती उभीच राहिली. मग त्यानं पाचवा ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि पोटात हवा भरेपर्यंत हुंगला, जसा लहान मुलगा फुलाचा वास घेतो तसा. आणि वास घेऊन झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. खारीक नाही, धूर नाही, पुठ्ठाही नाही. त्यानं तो ग्लास आपल्यासमोरून सरकवत सरकवत तिच्या पाण्याच्या ग्लासशेजारी नेऊन ठेवला.

"भावाला थांबायला सांगा," तो लीसबेटला इंग्रजीत म्हणाला.

तिनं फोन कानापासून दूर धरला. यतीननं "चारू, अरे" एवढंच म्हटलं, आणि इलानं यतीनच्या दंडावर हात ठेवला.

"माझ्या जिभेला काही कळत नाही," चारुदत्त म्हणाला. आवाज तोच होता, दर ऑक्टोबरातला, फक्त मध्ये कुठे थांबला नाही. "तुमच्या बाबांसमोर बसलो होतो तेव्हाही कळत नव्हतं. चाखते ती ही."